किलोभर पिठात चमचाभर

थुंकी गिळणं ही काही कुणी मोजत बसायची गोष्ट नव्हे. बोलताना, चालताना, झोपेतसुद्धा माणूस ती गिळतो आणि विसरून जातो. हेमलताची थुंकी आटली तेव्हा कुठे तिला कळलं, की आजवर आपल्या तोंडात एक लहानशी विहीर होती आणि बोलणं, जेवण, झोप, सगळं तिच्याच पाण्यावर चाललं होतं.

घशाच्या कॅन्सरसाठी तिने तासगावहून मिरजेला पस्तीस खेपा घालून लाईट घेतली. किरणोपचाराला तिकडे अजूनही लाईटच म्हणतात. एवढ्या वर्षांत यंत्रं तीनदा बदलली, शब्द तोच राहिला. गाठ गेली. आवाज उरला तो तळाला लागलेलं पातेलं खरवडावं तसा. नाकातली नळी निघाली, पण गिळणं नव्याने शिकावं लागलं. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास धरायचा, मग गिळायचं. पन्नाशीच्या बाईला तान्ह्या पोरासारखं घोट घोट शिकवत होते.

आणि तोंड कोरडं ठाक. भाकरीचा तुकडा टाळूला चिकटला की बोट घालून काढावा लागे. पाण्याची बाटली मंगळसूत्रासारखी गळ्यातच असायची. मीठ, साखर, चिंच, सगळं एकच लागे: ओल्या पुठ्ठ्यासारखं.

"मिश्री किती वर्षं लावत होता?" नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचं नाव इनामदार. वयाने एवढ्या लहान, की हेमलताला त्यांना अहो-जाहो करताना अवघडायला होई.

"लग्न झाल्यापासून. सासूबाईंनी डबी दिली हातात. दात पक्के राहतात म्हणाल्या."

"राहिले का?"

"दात राहिले," हेमलता म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर जिभेचं चित्र काढलं. "हे बघा मावशी. चव ओळखणाऱ्या पेशी दहा-पंधरा दिवसांत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. जन्मभर हेच चालू असतं. म्हणजे महिन्यापूर्वीची जीभ आज तुमच्या तोंडात नसतेच. पण या नव्या पेशींना जन्म देणाऱ्या ज्या मूळ पेशी, त्या किरणांत जळल्या. लाळेच्या ग्रंथींचंही तसंच झालंय. म्हणून आता दुसऱ्या कुणाच्या तरी मूळ पेशी आणायच्या. खालच्या ओठाच्या आतून मसुराएवढा तुकडा, जिभेच्या कडेचा तिळाएवढा. सहा आठवडे आमच्याकडे वाढवायच्या आणि सुईनं तुमच्या तोंडात सोडायच्या."

बाहेर बाकावर बसणारे पेशंट याला पेरणी म्हणत. कुणाची उगवली, कुणाची करपली, अशा गोष्टी चालत.

"माझ्याच नाही चालणार?"

"वीस-पंचवीस वर्षं मिश्रीत मुरलेल्या पेशी आहेत तुमच्या. उद्या कुठली पुन्हा कॅन्सरकडे फिरेल सांगता येत नाही. सख्खं भावंड असेल तर जुळायची शक्यता सगळ्यात जास्त."

तानाजी, हेमलताचा नवरा, शेजारी टोपी कुरवाळत बसला होता. "आहे की बहीण," तो पटकन म्हणाला. "आमच्या घरातलीच आहे." आणि मग हळूच, "होती."

*

वैजयंता हेमलताहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा वैजू पाच वर्षांची होती. तिच्या वेण्या, तिची पाटी, तिचा ताप, सगळं हेमलतानेच पाहिलं. स्वतःचं लग्न झाल्यावरही जीव तिच्यातच अडकलेला; म्हणून धाकट्या दिराला, विलासला, तीच मुलगी करायला लावली. बहिणी-बहिणी जावा-जावा झाल्या. हेमलताला मूल नव्हतं. ते दुःख तिने कधी बोलून दाखवलं नाही, स्वयंपाक करून दाखवलं. तिच्या हाताला चव आहे असं सगळी आळी म्हणायची.

वैजू बाळंत झाली तेव्हा माहेरी कुणी नव्हतंच. सख्खी बहीण घरात असताना दुसरं माहेर हवं कशाला? हेमलताने खारीक-खोबरं कुटलं, डिंक तळला, मेथी तुपात भिजवली आणि पहाटे उठून लाडू वळले. मुलीच्या बारशाला बायका जमल्या होत्या. वैजूने लाडवाचा घास घेतला आणि तोंड फिरवलं.

"अक्का, जहर लागतंय गं. गिळवत नाही."

मेथी कडूच असते. पण भरल्या घरात, बिनलेकराच्या जावेने केलेल्या लाडवाला बाळंतीण जहर म्हणाली, हे बायकांनी ऐकलं. एकमेकींकडे पाहिलं फक्त. हेमलताला ते पाहणं हाडात बसलं.

तिने ठरवलं, हिचे नखरे उघडे पाडायचे. किलोभर ज्वारीच्या पिठात तिने चमचाभर मेथीची पूड मिसळली. चमचाभर! एवढी कुणाच्या बापालाही कळायची नाही. दोन दिवस खाऊ घालायची आणि मग चारचौघांत सांगायचं: घे, खाल्लीस की मेथी.

वैजूने पहिलाच तुकडा मोडला, तोंडात घातला आणि ताटात परत ठेवला. "यात मेथी आहे."

सगळे जेवायला बसले होते. सासूबाई, तानाजी, विलास. हेमलताच्या तोंडून निघालं ते असं:

"मेलेल्या आईची शपथ. नाही."

मग पुढचं आपोआपच घडत गेलं. वैजू खोटारडी ठरली. जेवत नाही म्हणून अंगावरचं दूध आटलं, पोरीला डब्याची पावडर लागली, त्याचंही खापर तिच्याच माथी. सहा महिन्यांत सासूबाईंनी तिचं बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला मांडून दिलं. विलास रविवारी आणि सणासुदीला आईकडे जेवायला येई. एकटाच. आणि हेमलताने स्वतःची समजूत घातली, की वैजूने स्वयंपाकघरात मेथीच्या पुडीचा डबा पाहिला असणार. त्याशिवाय कसं कळेल? खोट्याला खोट्यानेच उत्तर दिलं आपण.

यालाही सोळा वर्षं झाली.

*

तानाजीने निरोप धाडल्यावर वैजू मिरजेला आली ती हातात पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी. सोबत तिची मुलगी शर्वरी होती, उंच, आईसारख्याच जाड भुवयांची. या पोरीने हेमलताला मावशी म्हणावं की थोरली आई, हे कधी ठरलंच नव्हतं. ती काहीच म्हणाली नाही.

जुळणी पूर्ण होती. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सगळं पुन्हा समजावलं. हेमलताचं अर्धं लक्ष बाटलीकडे होतं. वैजूने मात्र एकच प्रश्न विचारला.

"जीभ माझ्या बीजाची, म्हणजे हिला चव माझ्यासारखी लागणार?"

"बरीचशी. कडू ओळखणारी कुलपं प्रत्येकाची जन्मतः वेगळी असतात. काहींची इतकी सैल, की जरा लागलं की उघडतात. ती तुमच्याकडून त्यांच्याकडे जातील."

वैजू क्षणभर हसली. ओठांच्या कडेने, डोळे न हसवता. "कुठं करायची सही?"

हेमलताने तिचा हात धरला. "वैजू, तू..."

"सोड अक्का. उशीर होतोय. शेडवर जायचंय."

वैजू बेदाण्याच्या शेडमध्ये कामाला होती. रंग आणि आकार कॅमेऱ्याची यंत्रं निवडत, गोडी मापणारी सुई होती. पण आतून बुरशी धरलेला, कडसर पडलेला माल यंत्राला कळत नसे. तो वैजूला कळे. तिने एक बेदाणा चावला आणि मान हलवली की अख्खी क्रेट बाजूला जाई. तिथे कुणी तिला शपथ घालत नव्हतं.

*

पेरणी उगवली. बाविसाव्या दिवशी सकाळी हेमलता परसात लिंबं तोडत होती, आणि लिंबाच्या वासासरशी गालाच्या आत काहीतरी टचकन फुटलं. तोंडाला पाणी सुटलं. पाणी! तिने हनुवटी टेकवली, गिळलं, पुन्हा आलं. ती खाली मातीत बसून लहान मुलीसारखी थुंकी गिळत राहिली. गळ्यातली बाटली तिने काढून वळचणीला अडकवली.

पुढच्या दोन आठवड्यांत मीठ आलं, मग गोड. तानाजीने पेढे आणले. आणि मग कडू आलं.

आधी कोबी. मग मुळा. मग रोजची आमटी; फोडणीत चार दाणे मेथीचे पडत होते, ते तिच्या जिभेला खिळ्यासारखे टोचत. तिला वाटलं, औषधांमुळे होत असेल. स्वयंपाक सध्या आत्याबाई करत होत्या. सासूबाईंना ती आत्याबाईच म्हणे. ऐंशी पार केल्या होत्या, तरी चुलीपुढचा ताबा परत मिळाल्यावर त्यांची पाठ सरळ झाली होती.

"आत्याबाई, फोडणीत मेथी नका घालू."

"का? तुझीच आमटी हाय ती. तूच शिकवलीस सुनांना आळीतल्या."

"कडू लागतंय."

"लाळ न्हवती तवा पुठ्ठा लागत हुता. आता लाळ आली तर कडू लागतंय. तुमच्या बहिणी-बहिणींचं ह्ये असलंच. एकीचं झालं, आता दुसरीचं." आत्याबाईंनी पळी आपटली. "जीव वाचलाय बाई, गप खा की!"

ती खात नव्हती. वजन उतरू लागलं. बायको मरणाच्या दारातून परत आणली आणि आता ताटापुढे चालली, असं तानाजीला झालं होतं. एक दिवस त्याने स्वतः ज्वारीची पातळ पेज केली, वर तुपाची धार सोडली आणि वाटी घेऊन तिच्यापुढे मांडी घालून बसला. "हे बघ, यात काही नाही. नुसतं पीठ आणि मीठ."

तिने चमचा तोंडात घातला. हनुवटी टेकवली, आणि थांबली.

"अहो, यात मेथी आहे."

"नाही गं."

"आहे."

"तुझी शपथ, नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो ओशाळला आणि हसला. "चमचाभर घातली दळणात. रक्त वाढतं म्हणतात. किलोभर पिठात चमचाभर, हेमा! कुणाच्या बापाला कळणार नाही असं वाटलं मला. तुला कळलं कसं?"

हेमलताने वाटी खाली ठेवली. तो किती वेळ तिला, काय झालं, घशात अडकलं का, पाणी आणू का, असं विचारत होता, ते तिला ऐकूच आलं नाही.

*

वैजूच्या घरी जायला दहा मिनिटं लागतात. तिला सोळा वर्षं लागली होती.

दार शर्वरीने उघडलं. आत वैजू पोळपाट पुसत होती. तिने हेमलताच्या गालांकडे पाहिलं, बसलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि एक शब्द न विचारता ताट घेतलं. भात, घट्ट गोड दही, भोपळ्याची भाजी, भिजवलेले बेदाणे. फोडणीला फक्त जिरं. "खा. यातलं काही लागणार नाही."

हेमलता जेवली. वर्षभरात पहिल्यांदा ताट पुसून जेवली. काय बोचेल आणि काय नाही, हे या एकाच घरात कुणालातरी माहीत होतं. जेवता जेवता तिचे डोळे गळत होते आणि वैजू पुढे बसून, लहानपणी हेमलता तिच्यापुढे बसायची तशी, भात कालवून सारखा करत होती.

"किती खाल्लेस त्या वेळी?" हेमलताने खरवडत्या आवाजात विचारलं. "लाडू."

"अकरा. बारशाच्या आधी. तू पहाटे उठून केले होतेस. प्रत्येक लाडू पाण्याबरोबर गोळीसारखा ढकलायचे. बाराव्याला नाही जमलं."

"वैजू, पिठात मी..."

"माहीत आहे."

"मेथी मी घातली होती. किलोभर पिठात चमचाभर. आईची शपथ खोटी..."

"अक्का, मला काय सांगतेस?" वैजूचा आवाज चढला नाही. "माझ्या तोंडात होती ती मेथी. मला पहिल्या घासाला कळलं होतं. ज्यांच्यापुढे बोललीस, त्यांच्यापुढे बोल. ही पोर सोळा वर्षं ऐकतेय, की तिच्या आईनं नखरे करून तिला उपाशी ठेवलं."

शर्वरी दारात उभी होती. हेमलताने मान डोलवली.

"रविवारी विलासही तिकडे जेवायला असतो," वैजू म्हणाली. "बोललीस की शेडवर येऊन सांग. बोलली नाहीस तर येऊ नकोस."

*

रविवारी तिघेही पाटावर होते. हेमलताने आमटी वाढली आणि वाढपाचं भांडं हातात धरूनच उभी राहिली. एवढं मोठं बोलायचं तर घशाला जोर लागे. एकेक शब्द ओढून काढावा लागला. पण तिने सगळं सांगितलं. किलोभर पीठ. चमचाभर पूड. खोटी शपथ. वैजू खरं बोलत होती, हे तिने दोनदा म्हटलं, कुणी ऐकलं नाही असं नको व्हायला.

आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मला ठावंच हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "तू पीठ मळताना वास आला हुता मला. मेथीचा वास कुठं लपतोय व्हय?"

हेमलताने भांडं खाली ठेवलं. "मग बोलला का नाही?"

"कशापायी बोलू? घर तू चालवीत हुतीस. ती कालची पोर. दोघीतली एक जायाचीच हुती, मग चुलीम्होरली कशाला घालवू?" त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. "चांगलं झालं की सगळ्यांचं."

हेमलताने विलासकडे पाहिलं. तो खाली बघून जेवत होता. "विलासभाऊजी, तुम्ही..."

"आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, वहिनी." त्याने मान वर केली नाही. "पण बायकांच्या भांडणात पुरुषानं काय बोलायचं? आणि आता तर सगळं सुरळीत आहे. आमटी वाढा जरा."

"झालं ते झालं, हेमा," तानाजी हलकेच म्हणाला. "आता कशाला उकरायचं? बस, तूही जेव."

म्हणजे त्या घरात तिची शपथ खरी मानली गेली, असं समजणारी एकटी तीच होती.

*

शेडमध्ये बेदाण्याचा आंबटगोड वास कोंदला होता. पट्ट्यावरून माल सरकत होता, कॅमेरे लुकलुकत होते. टोकाला, उंच स्टुलावर, डोक्याला फडकं बांधून वैजू बसली होती. बहिणीला पाहून तिने हात पुसले.

"बोललीस?"

"बोलले. तिघांपुढे."

"शपथ घेऊ नकोस फक्त. काय म्हणाले?"

हेमलता वाटभर याचाच विचार करत आली होती. खरं सांगितलं, तर वैजूला आज संध्याकाळी घरी जाऊन त्याच विलासला जेवायला वाढायचं होतं. उद्याही, परवाही. ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्याला. यापेक्षा थोडंसं झाकलं, तर कुणाचं काय बिघडणार? चमचाभर.

"आत्याबाई गप्पच बसल्या," ती म्हणाली. "चुकलं म्हणाल्या नंतर. आणि विलासभाऊजींना तर बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. ऐकून घास खाली ठेवला त्यांनी. डोळ्यांत पाणी आलं गं त्यांच्या."

वैजू तिच्याकडे पाहत राहिली. पट्टा सरकत होता. मग तिने समोरच्या क्रेटमधला एक बेदाणा उचलला, दाताखाली धरला, फोडला आणि बाजूच्या डब्यात थुंकला. क्रेटवर लाल चिठ्ठी चिकटवली.

"किलोभर पिठात चमचाभर, अक्का," ती म्हणाली. "मला कळतं."

"वैजू..."

"त्यालाही माहीत होतं ना?"

हेमलताने नजर पट्ट्यावरच्या बेदाण्यांकडे वळवली. तेवढं उत्तर वैजूला पुरलं. तिने फडक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली, जराशी जास्तच घट्ट. मग त्याच लाल चिठ्ठीच्या क्रेटमध्ये हात घालून एक बेदाणा काढला आणि बहिणीच्या तळहातावर ठेवला.

"घे. आता तुलाही कळेल."

ती पुढच्या क्रेटकडे वळली.

हेमलताने बेदाणा तोंडात टाकला. तोंडाला पाणी सुटलं, वैजूनेच दिलेलं. वरून गोड होता. आत, अगदी मधोमध, कडू. थुंकायचा डबा हाताशीच होता. तिने हनुवटी छातीला टेकवली, श्वास धरला, आणि शिकवलं होतं तसा तो सावकाश गिळला.